दुकानातील लिनक्स : पूर्ण डेस्कटॉप की टायलिंग मॅनेजर?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार संपला. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात आणि कारखान्यात याच विंडोजवर चालणारे संगणक आहेत. विंडोज ११ साठी नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे साधारण २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे अधिकृतपणे तिकडे जाऊ शकत नाहीत. चालते यंत्र केवळ एवढ्यासाठी भंगारात घालावे काय? ज्याचा नफा रुपयामागे पैशात मोजला जातो, त्या छोट्या व्यापाऱ्यासाठी हा प्रश्न साधा नाही. याचे एक उत्तर लिनक्स हे आहे. ते विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते.

परंतु लिनक्स घ्यायचे ठरवले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. कोणते रूप घ्यावे? कोणी सांगतो, लिनक्स मिंट घाला. कोणी जाणकार तरुण सांगतो, डेस्कटॉप कशाला, आय-थ्री घाला, संगणक पळू लागेल. या दोन सल्ल्यांत नेमका फरक काय आणि आपल्या धंद्याला कोणता लागू पडतो, हे आज समजून घेऊ.

फरक काय?

ट्रकचा चेसिस कंपनीतून येतो आणि त्यावर बॉडी ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे बांधली जाते. लिनक्सचेही तसेच आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा गाभा म्हणजे चेसिस. स्क्रीनवर जे दिसते ती बॉडी.

पूर्ण डेस्कटॉप म्हणजे सर्व सोयींसह तयार बॉडी. केडीई व एक्सएफसीई हे १९९६ साली आणि जीनोम १९९७ साली सुरू झालेले डेस्कटॉप आहेत. यात मेनू, घड्याळ, वायफायचे चिन्ह, आवाज, प्रिंटर जोडण्याची खिडकी, पेन ड्राइव्ह लावताच तो दिसणे, हे सर्व एकत्र मिळते. विंडोज वापरलेला माणूस पहिल्याच दिवशी काम करू लागतो.

टायलिंग विंडो मॅनेजर केवळ खिडक्या मांडण्याचे काम करतो. टाईल म्हणजे फरशी. फरश्या जशा एकमेकींवर न चढता शेजारी शेजारी बसतात, तशा यात खिडक्या बसतात. एक उघडली तर पूर्ण स्क्रीन तिची, दुसरी उघडली की आपोआप अर्धी अर्धी वाटणी. ही कल्पना नवी नाही. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही खिडक्या अशाच शेजारी बसत. एकीवर एक ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. आज लिनक्सवर २००६ चा डीडब्ल्यूएम, २००९ चा आय-थ्री आणि त्याच धर्तीचा स्वे हे प्रसिद्ध आहेत. यांत जवळजवळ सर्व काम कीबोर्डवरून चालते. उदाहरणार्थ, आय-थ्रीमध्ये विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून आकडा दाबला की त्या क्रमांकाचा कार्यपट समोर येतो.

टायलिंगचा खरा फायदा

जो माणूस दिवसभर एकटा बसून तीच तीन-चार कामे करतो, त्याला ही पद्धत मानवते. डावीकडे पुरवठादाराचे बिल, उजवीकडे हिशेबाचा तक्ता, दुसऱ्या कार्यपटावर जीएसटीचे संकेतस्थळ. माऊसने खिडक्या सरकवण्यात वेळ जात नाही आणि एकीखाली दुसरी दडत नाही. हिशेबनीस, डीटीपी करणारे, वेबसाइट बनवणारे यांना सराव झाल्यावर हे सोडवत नाही. स्क्रीन लहान असेल तर फायदा अधिक जाणवतो.

अडचण कोठे येते?

आता दुसरी बाजू पाहू. टायलिंग मॅनेजरमध्ये ज्या सोयी नाहीत, त्या आपणच एकेक आणून बसवायच्या असतात. वायफायचे चिन्ह, स्क्रीनला कुलूप, पेन ड्राइव्ह आपोआप जोडणे, सूचना दाखवणे, मराठी किंवा उर्दू टंकलेखनासाठी आयबस सुरू करणे, प्रत्येकासाठी वेगळा कार्यक्रम आणि सेटिंगच्या फाइलमध्ये वेगळी ओळ. आय-थ्रीची ही फाइल साधी मजकुराची असते. डीडब्ल्यूएममध्ये तर मूळ प्रोग्रामच बदलून पुन्हा बांधावा लागतो.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट गल्ल्यावर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. बारकोड वाचणारे यंत्र संगणकाला बहुधा कीबोर्डच वाटते. ते आकडे निवडलेल्या खिडकीत टाइप करते. आय-थ्री आणि स्वेमध्ये मुळात अशी व्यवस्था असते की माऊस ज्या खिडकीवर जाईल ती आपोआप निवडली जाते. गल्ल्यावर गर्दी आहे, हाताचा धक्का माऊसला लागला, तर मालाचा क्रमांक बिलाऐवजी शेजारच्या खिडकीत जाऊन पडेल. सेटिंगमध्ये एक ओळ लिहून ही सवय बंद करता येते. परंतु ती ओळ लिहायची असते हे ठाऊक असणारा माणूस दुकानात हवा.

खरा मुद्दा हाच आहे. समजा, पुतण्याने मोठ्या हौसेने दुकानात टायलिंग बसवून दिले. सहा महिन्यांनी त्याला पुण्यात नोकरी लागली. सकाळी मोठ्या भावाने संगणक सुरू केला, तर समोर रिकामी काळी स्क्रीन. मेनू नाही, चिन्ह नाही. बिल कोठून काढायचे? यंत्र बिघडलेले नाही, पण धंदा थांबला. विंडोजवर जे पैसे वाचवले ते एका सणासुदीच्या दिवसात गेले.

मेमरीविषयी गैरसमज

टायलिंगमुळे जुना संगणक वेगवान होतो असे सांगितले जाते. यात थोडे तथ्य आहे. जीनोमसारख्या मोठ्या डेस्कटॉपपेक्षा आय-थ्री बरीच कमी मेमरी घेतो. परंतु आजच्या काळात मेमरी खातो तो ब्राउझर. जीएसटी, बँक आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब अशी तीन-चार पाने उघडली की वाचवलेली मेमरी तेथेच संपते. चार जीबीच्या यंत्रासाठी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके पण पूर्ण डेस्कटॉप पुरेसे आहेत. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर जो फरक पडेल तो कोणताही विंडो मॅनेजर पाडू शकणार नाही.

कोणी काय घ्यावे?

१. किराणा, कापड, हार्डवेअर, औषधे : जेथे मालक, भाऊ, मुलगा आणि नोकर आळीपाळीने बसतात, तेथे पूर्ण डेस्कटॉपच घ्यावा. लिनक्स मिंटची सिनॅमन किंवा एक्सएफसीई आवृत्ती योग्य.

२. भरतकाम, शिवणकाम व छपाई करणारे कारागीर : नक्षीसाठी इंकस्केप आणि यंत्रभरतकामासाठी त्यावरील इंकस्टिच हे दोन्ही लिनक्सवर विनामूल्य चालतात. हे काम मुख्यतः माऊसचे आहे. त्यामुळे येथेही पूर्ण डेस्कटॉप सोयीचा.

३. एकटा हिशेबनीस, टंकलेखक किंवा प्रोग्राम लिहिणारा : स्वतःचे यंत्र, स्वतःचे काम आणि शिकण्याची तयारी असेल तर टायलिंग जरूर वापरून पाहावे.

मधला मार्गही आहे. केडीई, जीनोम आणि सिनॅमनमध्ये विंडोजची कळ व बाण दाबला की खिडकी अर्ध्या स्क्रीनवर बसते. केडीईमध्ये २०२३ पासून स्क्रीनचे आपल्या सोयीने भाग पाडता येतात. अनेकांची गरज एवढ्यावर भागते. शिवाय दोन्ही एकाच संगणकावर नांदू शकतात. मिंटवर आय-थ्री वेगळे बसवता येते आणि सुरुवातीला पासवर्ड टाकताना कोणते रूप हवे ते निवडता येते. मुलगा आपल्या नावाने टायलिंग वापरेल आणि वडील आपल्या नावाने डेस्कटॉप. आय-थ्रीवरील दुकानी काम बिघडले तरी डेस्कटॉप शाबूत राहतो.

उतरण्यापूर्वी तपासा

टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेले आहे, लिनक्ससाठी त्याची आवृत्ती नाही. ज्यांचा सर्व हिशेब टॅलीत आहे त्यांनी एक विंडोज यंत्र ठेवावे किंवा आधी पर्याय पक्का करावा. कंपनी असेल आणि डिजिटल सहीचा टोकन लागत असेल, तर त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का ते विक्रेत्याला विचारावे. बिलाच्या थर्मल प्रिंटरबद्दलही तसेच. येथे डेस्कटॉप आणि टायलिंग असा भेद नाही. दोन्हींखाली छपाईचे काम कप्स हीच व्यवस्था करते. सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्याशिवाय जुन्या विंडोजला हात लावू नये. पेन ड्राइव्हवरून लिनक्स न बसवताही चालवून पाहता येते. प्रिंटर, बारकोड, वायफाय आणि मराठी टंकलेखन या चारही गोष्टी त्यात तपासून घ्याव्यात.

शेवटी एक कसोटी सांगतो. दुकानात ज्याला संगणकाचे सर्वांत कमी ज्ञान आहे, त्याला एकटे बसवा आणि एक बिल काढायला, ते छापायला व संगणक बंद करायला सांगा. कोणाला न विचारता त्याने हे केले तर आपली निवड बरोबर आहे, मग ती कोणतीही असो. तो अडला तर निवड बदला. हौशी माणसाला शिकायला घरचे यंत्र आहेच, गल्ल्यावरचे यंत्र मात्र सर्वांचे असते.