परसातील गावठी कोंबडी आणि गावाची जबाबदारी

परभणी जिल्ह्यात शेतीचा हिशेब कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी यांच्या भाषेत मांडला जातो. परंतु शेतमजूर व अल्पभूधारक यांच्या घरी आणखी एक उत्पन्न असते, ते परसात हिंडणाऱ्या पाच-दहा गावठी कोंबड्यांचे. अंडी व कोंबडे विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो आणि मुलांच्या वह्या, औषधपाणी, पाहुण्यांचा चहा अशा किरकोळ पण न टळणाऱ्या खर्चास उपयोगी पडतो.

ही कोंबडी बांध्याने लहान असते. वजन सामान्यतः एक ते दीड किलो. स्वभावाने मात्र ती मोठी तापट. जावा बेटावरील बांतेन बंदराच्या नावावरून ज्या ठेंगण्या कोंबड्यांना ‘बँटम’ हे नाव पडले, त्यांचाही लौकिक असाच आहे. पिलांवर घार झेपावली की गावठी कोंबडी पिसे फुलवून तिच्या अंगावर धावून जाते. या गुणामुळेच बंदिस्त जागा व विकतचे खाद्य नसतानाही ती तग धरते. खळ्यावरील सांडलेले दाणे, किडे, वाळवी आणि घरातील उष्टे एवढ्यावर तिचे भागते.

अंड्यांच्या संख्येत ती मागे आहे, हे मान्य केले पाहिजे. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः पन्नास-साठ अंडी देते, तर गिरिराज किंवा वनराज या सुधारित जाती शंभराहून अधिक. मात्र सुधारित पक्षी जड असल्याने कुत्र्या-मुंगसाच्या तावडीत लवकर सापडतो आणि तो सहसा खुडूक बसत नाही. गावठी कोंबडी एका वेळी दहा-बारा अंडी एकवीस दिवस उबवून पिले वाढविते. म्हणून पुष्कळ घरी खुडूक गावठी कोंबडीखाली सुधारित जातीची अंडी ठेवतात. ही युक्ती कमी खर्चाची असून अनुकरणीय आहे.

भांडखोरपणाचा त्रास होतो तो नरांमुळे. आठ-दहा माद्यांस एक कोंबडा पुरेसा असतो. दोन जाणते कोंबडे एकत्र राहिले की तुरे रक्तबंबाळ होतात, डोळे जातात आणि माद्याही बिथरतात. जास्तीचे नर वयात येताच विकावेत, हे उत्तम. कोंबड्यांच्या झुंजी लावणे मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. जत्रेच्या निमित्तानेही त्यास सूट नाही.

रात्रीसाठी जमिनीपासून उंच, जाळीदार खुराडे असावे. लहान पिले डालग्याखाली झाकावीत. परभणीचा उन्हाळा कडक असल्याने सावली व दिवसातून दोन-तीनदा ताजे पाणी आवश्यक ठरते. कोपऱ्यात राख व कोरड्या मातीचा ढीग ठेवल्यास कोंबड्या त्यात लोळून उवा झाडतात.

एवढी काळजी घेऊनही एका आठवड्यात परस रिकामे होऊ शकते. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे राणीखेत, ज्यास खेड्यात मानमोडी म्हणतात. हिरवट हगवण, धाप, मान पिळवटणे ही त्याची लक्षणे. त्यावर औषध नाही, लस आहे. पाच ते सात दिवसांच्या पिलास लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस टोचून घ्यावी.

तरीही लसीकरण होत नाही, आणि त्यामागे केवळ अज्ञान नाही. लसीची कुपी सामान्यतः शंभर किंवा अधिक मात्रांची असते. ती बर्फात ठेवावी लागते व एकदा पातळ केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरी सहाच कोंबड्या आहेत, त्या घराने ती आणावी कशी? एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे हे काम गावाने मिळून केले तर सोपे आहे. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरवावा, आदल्या सायंकाळी दवंडी द्यावी आणि कोंबड्या खुराड्यात असतानाच, पहाटे, आळीनिहाय लस टोचून घ्यावी. शाळेतील मुलांकडून घरोघरच्या कोंबड्यांची मोजणी आधी करून घेतल्यास मात्रांचा अंदाज चुकत नाही. अशी फेरी उन्हाळ्यापूर्वी व्हावी.

जिल्ह्याने याहून गंभीर प्रसंगही पाहिला आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे बचत गटाच्या कुक्कुटपालन केंद्रात शेकडो कोंबड्या अचानक मेल्या. तपासणीत बर्ड फ्ल्यूचे निदान झाले आणि सभोवतालच्या परिसरातील पक्षी नष्ट करावे लागले. अशा वेळी परसातल्या चार कोंबड्याही वाचत नाहीत.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार, अनुसूचित रोगाचा संशय येताच मालकाने ग्राम अधिकारी किंवा ग्रामपंचायतीस कळवावयाचे असते आणि तेथून ती माहिती लेखी स्वरूपात जवळच्या पशुवैद्यकाकडे जाणे अपेक्षित आहे. व्यवहारात उलटेच घडते. मेलेला पक्षी ओढ्यात टाकला जातो, आजारी पक्षी बाजारात स्वस्तात जातो आणि रोग पुढच्या गावी पोहोचतो. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, मुलांना दूर ठेवावे व पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. नमुने घेतल्यावर त्यांच्या सूचनेनुसार मृत पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत आणि राहिलेले पक्षी तपासणी होईपर्यंत गावाबाहेर जाऊ देऊ नयेत.