चार पट्ट्यांवरील संगीत : रॉक ध्वनिमुद्रिकांची घडण

१. छायाचित्र की वास्तू?

गाण्याची ध्वनिमुद्रिका म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या गायनवादनाचे जणू छायाचित्रच, अशी सर्वसाधारण समजूत असते. गायक गायले, वादकांनी साथ केली, यंत्र चालू होते आणि घडले ते जसेच्या तसे टिपले गेले, असे आपण गृहीत धरतो. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या अर्धशतकापुरती ही समजूत पुष्कळशी खरी होती. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड व अमेरिका या देशांत रॉक संगीताच्या ज्या ध्वनिमुद्रिका लक्षावधींच्या संख्येने खपल्या, त्यांतील पुष्कळांना ती लागू पडत नाही. त्यांवर ऐकू येणारा वाद्यमेळ कोणत्याही खोलीत, कोणत्याही क्षणी, एकत्र वाजलेला नसतो. तो थरावर थर चढवून रचलेला असतो. अशा ध्वनिमुद्रिकेचे नाते छायाचित्रापेक्षा वास्तूशी अधिक जवळचे आहे.

ही रचना कशी होते, आणि तिच्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हे समजून घेण्यास एक उदाहरण विशेष सोयीचे आहे. ते म्हणजे 'बीटल्स' या इंग्लिश वाद्यवृंदाची १९६७ साली प्रसिद्ध झालेली 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' ही ध्वनिमुद्रिका. लंडनमधील ॲबी रोड या रस्त्यावर ई.एम.आय. कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह १९३१ सालापासून होते. तेथे निर्माते जॉर्ज मार्टिन, ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक आणि तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांच्या साहाय्याने ती सिद्ध झाली.

२. फीत आणि तिच्यावरील पट्टे

चुंबकीय फीत ही प्लॅस्टिकची लांब, अरुंद पट्टी असून तिच्या एका बाजूस लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बसविलेले असतात. मायक्रोफोन ध्वनिलहरींचे रूपांतर विद्युत्‌प्रवाहात करतो. हा प्रवाह 'मुद्रणशीर्ष' या लहानशा विद्युत्‌चुंबकातून वाहतो आणि समोरून सरकणाऱ्या फितीवरील कणांना कमीअधिक चुंबकत्व देतो. हीच फीत पुढे 'वादनशीर्षा'समोरून त्याच वेगाने नेली असता मूळचा विद्युत्‌प्रवाह पुन्हा उत्पन्न होतो.

फितीच्या रुंदीवर एकाखाली एक अशी अनेक शीर्षे बसविली, तर एकाच फितीवर अनेक स्वतंत्र पट्टे मिळतात. अशा पट्ट्यास 'ट्रॅक' असे नाव रूढ आहे. या पद्धतीचे खरे सामर्थ्य असे की, एका पट्ट्यावर मुद्रित केलेले संगीत ऐकत ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर नवे संगीत त्याच तालात मुद्रित करता येते. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९५७ साली आठ पट्ट्यांचे यंत्र मिळवून या पद्धतीचा पाठपुरावा केला. ॲबी रोड येथे मात्र बीटल्सच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी दोनच पट्टे वापरीत. तिच्यातील १४ गाण्यांपैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात मुद्रित झाली. एका पट्ट्यावर वाद्ये, दुसऱ्यावर कंठस्वर, असा साधा हिशेब होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांच्या वाट्यास चार पट्ट्यांचे यंत्र आले, आणि 'सार्जंट पेपर्स'ची सारी उभारणी अशा चारच पट्ट्यांवर झाली.

३. संकलन आणि त्याची किंमत

ढोल व झांजा, गिटार, पियानो, मुख्य स्वर, साथीचे स्वर, तंतुवाद्ये, तुताऱ्या ही सारी मंडळी चार पट्ट्यांवर कशी मावावी? यावरील उपाय असा : चारही पट्टे भरले की त्यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून ते दुसऱ्या यंत्रावरील फितीच्या एका किंवा दोन पट्ट्यांवर उतरवून घ्यावयाचे. म्हणजे उरलेले पट्टे नव्या वाद्यांसाठी मोकळे होतात. ही क्रिया वारंवार करता येते.

परंतु प्रत्येक नकलेबरोबर एक दोष वाढत जातो. फितीवरील कणांची मांडणी पूर्णपणे एकसारखी नसल्यामुळे शांत फीतही वाजविताना मंद 'स्स' असा आवाज करते. नक्कल करताना पहिल्या फितीची ही खरखर संगीताबरोबर उतरतेच. शिवाय दुसऱ्या फितीची स्वतःची खरखर तीत मिसळते. दोन्ही सारख्याच असतील, तर खरखरीची शक्ती दुप्पट, म्हणजे सुमारे ३ डेसिबेलने अधिक होते. दुसऱ्या नकलेत ती तिप्पट व तिसरीत चौपट होते, म्हणजे मूळ फितीपेक्षा ६ डेसिबेलने वाढते. संगीताची शक्ती मात्र तेवढीच राहते. एमेरिक प्रभृतींना म्हणूनच मोजून मापून नकला कराव्या लागत.

दुसरी किंमत याहून मोठी होती. एकदा ढोल, गिटार व पियानो एका पट्ट्यावर मिसळले, की त्यांपैकी एकाचाच आवाज कमी अथवा अधिक करणे शक्य नसे. दुधात साखर विरघळल्यावर ती चिमटीने उचलता येत नाही, तसाच हा प्रकार. गाण्याचे अंतिम रूप कसे असेल, याचा निर्णय अर्धे गाणे मुद्रित होण्यापूर्वीच घ्यावा लागे आणि तो मागे घेता येत नसे. चार पट्ट्यांची ही टंचाई कलावंतांना अडचणीची होती. पण प्रत्येक आवाजाचे प्रयोजन आधी ठरविण्याची शिस्त तिनेच त्यांना लावली.

४. वेग, स्वर आणि एक जोडकाम

फितीचा वेग वाढविला तर त्याच कालावधीत अधिक कंपने शीर्षासमोरून जातात. त्यामुळे लय द्रुत होते आणि स्वरही चढतो. हे दोन्ही परिणाम एकमेकांस बांधलेले असतात. सप्तकात बारा समान अंतरे मानल्यास एक स्वरस्थान वर चढण्यासाठी वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवावा लागतो.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे गाणे याच काळात मुद्रित झाले. त्याची दोन मुद्रणे संगीतकार जॉन लेनन यांना निरनिराळ्या कारणांनी आवडली : सातवे, साध्या वाद्यांचे व संथ, आणि सव्विसावे, तुताऱ्या व चेलो यांसह, अधिक द्रुत. पहिल्याचा आरंभ व दुसऱ्याचा शेवट जोडावा, अशी त्यांची इच्छा होती. अडचण अशी की, दोहोंची लय वेगळी आणि षड्जही वेगळा. सुदैवाने जे मुद्रण अधिक द्रुत होते, तेच अधिक चढ्या स्वरातही होते. त्यामुळे वेगाची योग्य जुळवणी करताच लय आणि स्वर दोन्ही एकदम जुळून आले. द्रुत मुद्रण खालच्या स्वरात असते, तर त्या काळच्या साधनांनी हे जोडकाम करता आले नसते. २२ डिसेंबर १९६६ रोजी झालेला हा सांधा गाण्याच्या आरंभापासून सुमारे एका मिनिटावर आहे. तो ठाऊक नसलेल्या श्रोत्यास सहसा जाणवत नाही.

वेगाच्या याच गुणातून दुसरी एक युक्ती निघाली. गायकाने तेच गाणे दोनदा गाऊन दोन्ही स्वर एकत्र केले, की आवाज भरदार वाटतो. पण दोनदा तंतोतंत सारखे गाणे कष्टाचे असते. १९६६ साली टाउनसेंड यांनी एकाच स्वराची नक्कल दुसऱ्या यंत्रातून फिरवून अत्यल्प उशिराने मूळ स्वरात मिसळण्याची योजना काढली. हा उशीर सेकंदाच्या काही शतांशांइतकाच असतो. एवढ्या अल्प अंतराने आलेला दुसरा आवाज कानास वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही, दोन गायक एकत्र गात असल्याचा भास मात्र होतो. दुसऱ्या यंत्राचा वेग किंचित हलता ठेवल्यामुळे हा भास अधिकच खरा वाटतो.

५. मायक्रोफोन, दाबयंत्र आणि निनाद

त्या काळी ढोलापासून मायक्रोफोन बराच दूर ठेवण्याचा ॲबी रोडचा दंडक होता, कारण जोराच्या आघाताने तो बिघडण्याची भीती असे. १९६६ साली एमेरिक यांनी मायक्रोफोन मोठ्या ढोलाच्या अगदी जवळ आणला आणि आघातानंतरची घुमणूक कमी करण्यासाठी ढोलाच्या आत लोकरी स्वेटर कोंबला. त्यानंतर तो आवाज दाबयंत्रातून नेला. हे यंत्र आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याची वाढ रोखते. मग एकंदर पातळी वर उचलता येते. परिणामी आघात व त्यामागून येणारी बारीक स्पंदने यांतील तफावत घटते, आणि ढोल श्रोत्याच्या पुढ्यात वाजल्यासारखा वाटतो.

जवळून टिपलेला आवाज कोरडा असतो. त्यास अवकाशाची जाणीव देण्यासाठी निनादकक्ष वापरीत. गुळगुळीत भिंतींच्या एका रिकाम्या खोलीत ध्वनिक्षेपकावर तो आवाज वाजवावयाचा आणि भिंतींवरून परत आलेला निनाद दुसऱ्या टोकाच्या मायक्रोफोनने टिपावयाचा. ध्वनी एकाच दिशेने परतू नये, म्हणून ॲबी रोडच्या कक्षात सांडपाण्याचे चकचकीत मातीचे नळ उभे करून ठेवले होते.

या संचातील 'विदिन यू विदाउट यू' या गाण्याचा भारतीय वाद्यांशी थेट संबंध आहे. जॉर्ज हॅरिसन यांच्या या रचनेत लंडनमधील भारतीय वादकांनी १५ मार्च १९६७ रोजी दिलरुबा, तबला इत्यादी वाद्ये वाजविली. पुढे ३ एप्रिलला आठ व्हायोलिने व तीन चेलो यांचा थर त्यांवर चढविण्यात आला. दिलरुब्यावरील मींड आधीच फितीवर होती. तिच्या मागोमाग आपले स्वर घसरत नेणे पाश्चात्त्य वादकांना अवघड गेले. येथे भारतीय व इंग्लिश वादक एका खोलीत बसलेच नव्हते. त्यांची संगत फितीने घडविली.

६. दोन यंत्रांची जोडी

'अ डे इन द लाइफ' या गाण्यात २४ आवर्तनांची जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती. १० फेब्रुवारी १९६७ रोजी तेथे ४० वादकांचा वाद्यवृंद बोलाविण्यात आला. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून हळूहळू वर चढत जावयाचे, अशी योजना होती. हे वादन निरनिराळ्या पट्ट्यांवर चार वेळा घेऊन १६० वादकांचा भास निर्माण केला गेला.

परंतु मूळ फितीवर एवढे पट्टे शिल्लक नव्हते. चार पट्ट्यांची दोन यंत्रे एकत्र चालविणे हाच उपाय उरला. यांतील अडचण लहान हिशेबाने लक्षात येईल. दोन यंत्रांच्या वेगात हजारात एक इतकाच फरक असला, तरी एका मिनिटात ०.०६ सेकंदाची फारकत होते, आणि ताल विस्कटल्याचे कानास कळते. टाउनसेंड यांनी एका फितीवर ५० आवर्तनांचा सूर मुद्रित केला आणि त्याच्या आधाराने दुसऱ्या यंत्राची मोटर चालविली. यंत्रे सुरू मात्र हातानेच करावी लागत. ती एकदम सुरू होईपर्यंत प्रयत्न करावा लागे.

याच गाण्याच्या अखेरीस २२ फेब्रुवारीस तीन पियानोंवर एकाच वेळी आघात करण्यात आला. स्वर विरत जाईल तसतशी ध्वनिमुद्रकाने पातळी वर नेली, आणि तो स्वर ४० सेकंदांहून अधिक काळ टिकला. शेवटी शेवटी पातळी इतकी उंच होती की, खोलीतील बारीकसारीक आवाजही फितीवर उमटले.

७. मिश्रण

सर्व थर चढल्यावर अखेरचे मिश्रण होते. त्यात चार गोष्टी ठरवावयाच्या असतात : कोणता आवाज किती मोठा, त्यातील मंद्र व तार कंपने किती, त्यास निनाद किती, आणि दोन ध्वनिक्षेपकांच्या दरम्यान त्याचे स्थान कोणते. एकाच पट्टीतील कंपने असणारी दोन वाद्ये एकमेकांस झाकतात. मोठा ढोल व मंद्र गिटार यांची गाठ अशीच पडते. तेव्हा केवळ आवाज वाढवून भागत नाही. एकाची काही कंपने कमी करून दुसऱ्यास वाट करून द्यावी लागते.

पट्ट्यांची संख्या पुढे वेगाने वाढली. ॲबी रोडला १९६८ साली आठ पट्टे आले. १९७३ सालची पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' १६ पट्ट्यांवर, तर १९७५ सालचे क्वीन या वाद्यवृंदाचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' २४ पट्ट्यांवर सिद्ध झाले. तरीही नकला टळल्या नाहीत. क्वीनच्या फितीवरून शीर्षे इतक्या वेळा फिरली की लेप झिजून तीतून उजेड दिसू लागला, असे वादकांनी पुढे सांगितले. संगणकीय ध्वनिमुद्रणात पट्ट्यांना व्यवहारतः मर्यादा नाही आणि नकलेने खरखरही वाढत नाही. निर्णय पुढे ढकलण्याचा मोह मात्र वाढला आहे.

८. जपलेल्या फिती

'सार्जंट पेपर्स'ची कथा १९६७ सालीच संपली नाही. संकलनापूर्वीच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरण्याऐवजी जपून ठेवण्यात आल्या होत्या. २०१७ साली जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी त्या पहिल्या पिढीच्या फिती संगणकावर उतरविल्या, एकमेकींशी जुळविल्या, आणि नकलांची खरखर टाळून नवे मिश्रण केले. पुढे २०२२ साली 'रिव्हॉल्व्हर' या १९६६ सालच्या ध्वनिमुद्रिकेसाठी, एकाच पट्ट्यावर मिसळलेली वाद्ये संगणकाच्या साहाय्याने वेगळी करण्यात आली. विरघळलेली साखर काही अंशी पुन्हा काढता आली, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि असे पृथक्करण हे गणिताने बांधलेले अनुमान असते. मूळ फितीची सर त्यास येत नाही. ज्या संस्थांजवळ जुन्या फिती आहेत, त्यांनी त्या टाकून न देण्याचे कारण यातच आहे.

९. करून पाहण्याजोगा प्रयोग

दोन मोबाइल घ्यावेत. पहिल्यावर एक वाक्य स्पष्ट बोलून मुद्रित करावे. ते वाजवून हातभर अंतरावरील दुसऱ्यावर मुद्रित करावे. मग दुसऱ्यावरचे पहिल्यावर, असे सहा वेळा करावे. दर वेळी अंतर व आवाजाची पातळी तीच ठेवावी. आवाज आपोआप स्वच्छ करण्याची सोय यंत्रात असल्यास ती शक्य तर बंद करावी. पहिले व सातवे मुद्रण एकामागून एक ऐकून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत :

(१) कोणती अक्षरे प्रथम अस्पष्ट झाली?
(२) मूळ बोलण्यात नसलेले कोणते आवाज वाढले?
(३) हाच प्रयोग रिकाम्या वर्गात आणि पुस्तकांनी भरलेल्या खोलीत केल्यास काय फरक पडतो? का?