रोग्याच्या शोधात

एखादा मुलगा सकाळी उशिरापर्यंत झोपून राहिला, तर आपण त्याला थट्टेने कुंभकर्ण म्हणतो. परंतु आफ्रिका खंडात असा एक रोग आहे की, त्याने ग्रासलेल्या माणसाच्या झोपेची कोणीही थट्टा करीत नाही. तो माणूस रात्रभर तळमळत जागा असतो आणि दिवसा बसल्या जागी झोपी जातो. औषध न मिळाल्यास ही झोप बहुधा मृत्यूतच संपते. या रोगास निद्रारोग म्हणतात.

त्सेत्से नावाची माशी आफ्रिकेतील नद्यांच्या काठच्या झाडीत राहते. तिच्या दंशाबरोबर ट्रिपॅनोसोम नावाचा एक सूक्ष्म जंतू माणसाच्या रक्तात शिरतो. ही गोष्ट १९०३ साली डेव्हिड ब्रूस व त्यांचे सहकारी यांनी युगांडात दाखवून दिली. त्या काळी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी या रोगाची भयंकर साथ चालू होती. तिच्यात दोन लाखांवर माणसे दगावली, असा अंदाज आहे.

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील निद्रारोग मोठा कपटी आहे. जंतू शिरल्यावर कित्येक महिने, कधी कधी वर्षेही, रोगी हिंडताफिरता असतो. मधून मधून ताप येतो, डोके दुखते, मानेच्या मागे गाठी येतात. एवढ्यासाठी शेत टाकून दूरच्या दवाखान्यात कोण जाणार? पुढे जंतू मेंदूत शिरतो, तेव्हा घरची माणसे घाबरून धावाधाव करतात. पण तोवर फार उशीर झालेला असतो. शिवाय, त्याच्या रक्तातील जंतू माश्यांमार्फत शेजाऱ्यांपर्यंतही पोहोचलेला असतो. म्हणून येथे नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. रोग्याने वैद्याकडे जावयाचे नाही. वैद्यानेच गावोगाव जाऊन, धडधाकट दिसणाऱ्या माणसांतून रोगी शोधून काढावयाचा.

हा मार्ग फ्रेंच लष्करी डॉक्टर यूजेन झामो यांनी १९१७ पासून मध्य आफ्रिकेत आणि पुढे कॅमेरूनमध्ये चोखाळला. त्यांची पथके सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन रानोमाळ हिंडत. गावातील सर्व माणसांना रांगेत उभे करून एक जण नावे लिहून घेई, दुसरा मानेच्या गाठी चाचपी, तिसरा गाठीतील द्रव यंत्राखाली पाही. या पद्धतीने असंख्य प्राण वाचले. तथापि, या कथेला एक काळी बाजूही आहे. तेव्हा तेथे परकी राजवट होती आणि लोकांना सक्तीनेही तपासणीला आणले जाई. झामो यांच्या हाताखालील एका डॉक्टराने एका भागात औषधाची मात्रा बेसुमार वाढविली. त्यामुळे शेकडो लोकांची दृष्टी गेली. चांगल्या हेतूलाही सावधपणाची जोड हवी, हे या प्रसंगावरून कळते.

गावोगावच्या तपासणीमुळे १९६० च्या सुमारास रोग जवळजवळ नाहीसा झाला. मग काय झाले? रोगी दिसेनात, म्हणून तपासणी ढिली पडली. पुढे काही देशांत युद्धे पेटली आणि पथकांचे रस्तेच बंद झाले. राखेखालचा निखारा पुन्हा फुलला. १९९८ साली जवळजवळ ४०,००० रोग्यांची नोंद झाली; न सापडलेले तर याहून कितीतरी अधिक होते.

तेव्हा पथके पुन्हा निघाली. कोठे मोटारीने, कोठे मोटारसायकलीने, तर कोठे होडीने ती काँगोच्या दुर्गम भागांत पोहोचू लागली. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एका पत्रिकेवर औषधी द्रवात मिसळून पाच मिनिटे हलवितात. त्यात गुठळ्या दिसल्या, तर संशय घ्यावयाचा. निर्णय मात्र जंतू प्रत्यक्ष पाहूनच करावयाचा. पूर्वी मेंदूत शिरलेल्या रोगावर सोमलयुक्त औषध टोचीत आणि त्यानेच काही रोगी दगावत. आता पुष्कळ रोग्यांना दहा दिवस गोळ्या दिल्या की पुरते. २०१८ पासून वर्षाकाठी नोंदलेले रोगी एक हजाराच्या आत आले आहेत.

त्सेत्से माशी आपल्या देशात नाही. तरीही २००४ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात याच कुळातील जंतू आढळला. हा जंतू एरवी गुरांना, घोड्यांना व उंटांना सर्रा नावाचा रोग जडवितो. तो शेतकरी औषधाने बरा झाला. पुढे त्याच्या गावातील लोकांचेही रक्त तपासले. काहींचे रक्त चाचणीत संशयास्पद ठरले, परंतु प्रत्यक्ष जंतू कोणाच्याही रक्तात सापडला नाही. तेव्हाच गावाची काळजी मिटली.

मुलांनो, ज्या गावी तपासणीत एकही रोगी सापडत नाही, तेथून पथक रिकाम्या हाताने परतले असे आपणांस वाटेल. पण तसे नाही. “येथे रोग नाही” हे खात्रीने सांगता येणे, हेच त्या श्रमाचे फळ होय. आणि ती खात्री टिकवावयाची, तर पथकाला त्या गावी पुन्हा जावेच लागते.

शब्दार्थ : चोखाळणे – अवलंबिणे, दुर्गम – जेथे जाणे कठीण असते असा, सोमल – एक विषारी द्रव्य, मात्रा – औषधाचे प्रमाण.

स्वाध्याय
१. निद्रारोगाचा रोगी आरंभी दवाखान्यात का जात नाही?
२. नाहीसा होत आलेला रोग पुन्हा का वाढला?
३. ‘राखेखालचा निखारा’ या शब्दांतून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?