आपली पिशवी, आपला शेजारी



खरेदी हा केवळ पैशाचा व्यवहार नाही, ती नैतिक कृतीही आहे, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या परिपत्रकात शिकवले.

१९५९ मध्ये गिरगावात ७ भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. लाटणाऱ्या भगिनीच त्याच्या मालक झाल्या. ते पापड घेणाऱ्या घरांचाही त्यात वाटा आहे.

अंधेरीच्या मॉलमध्ये आपण छापील किंमत निमूट देतो. मरोळच्या बाजारात मात्र सुकी मासळी विकणाऱ्या मावशीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. हा न्याय आहे का?

या आठवड्यात शेजारच्या दुकानातून एक तरी वस्तू घेऊ या, रास्त दाम देऊ या. वाण्याची उधारी थकली असेल, तर आधी ती चुकती करू या.