संगणक बिघडलेला नाही, मेमरी संपली

प्रश्न : चार जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर उबुंटूत बिटकॉइन कोअर सोर्सकोडमधून बनवतोय. अर्ध्यावर ‘किल्ड’ असा संदेश येऊन सगळं थांबतं. तयार फाइल असुरक्षित असते म्हणून हा खटाटोप. संगणक बिघडलाय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : संगणक ठणठणीत आहे. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच कंपायलरला बंद पाडते. ‘किल्ड’ म्हणजे तेच. प्रकल्पाच्या सूचनांत किमान दीड जीबी मोकळी मेमरी सांगितली आहे, पण बिल्डच्या आज्ञेत ‘-जे ४’ दिल्यावर चार फाइली एकदम कंपाइल होतात आणि गणित कोलमडते. ‘-जे १’ द्या, ब्राउझर बंद ठेवा, स्वॅप वाढवा. वेळ लागेल, लागू द्या. जुन्या लेखांतली ‘ऑटोजेन’ची आज्ञा मात्र विसरा, २०२५ च्या २९ व्या आवृत्तीपासून तिच्या जागी सीमेक ही बिल्ड-प्रणाली आली आहे.

तयार फाइल असुरक्षितच, हा समज चुकीचा. अनेक जण तीच फाइल स्वतंत्रपणे बनवून तिच्या हॅशवर डिजिटल सह्या करतात. हॅश आणि सह्या दोन्ही जुळल्या, तर ती बेलाशक वापरा. उलट कोडच अनोळखी ठिकाणाहून आणला असेल, तर घरी कंपाइल करून काय साधणार?

प्रोग्राम चालवताना डिस्क लहान असल्यास सेटिंगमध्ये ‘प्रून=५५०’ ठेवा. ब्लॉकचेनचा सहाशे जीबीहून मोठा इतिहास एकदा उतरवावा लागेलच, पण साठवावा लागणार नाही. आधीचे वॉलेट असेल, तर त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय नवी आवृत्ती सुरू करू नका.