सी.ई.टी.च्या शास्त्राच्या पेपरास सामोरे जाताना

वर्गात शास्त्र विषयांत नेहमी पुढे असणारा मुलगा सी.ई.टी.त मागे का पडतो, असा प्रश्न दरवर्षी निकालानंतर पालक आम्हांस विचारतात. मुलाने अभ्यास केला नाही असे म्हणावे तर तसे नसते. रात्रीच्या रात्री तो जागलेला असतो. आमच्या मते कारण निराळेच आहे. बारावीची परीक्षा विद्यार्थ्यास काय येते ते विचारते, आणि सी.ई.टी. त्यास ते किती वेळात येते हे विचारते. हा भेद ज्याच्या ध्यानी आला नाही त्याचे ज्ञान परीक्षेच्या दालनात अर्धेच उपयोगी पडते. म्हणून या अंकात त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

गव्हाण, न्हावे, शेलघर, उलवे, जासई या गावांतील मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नव्या मुंबईसाठी या भागातील भातशेती व मिठागरे गेली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या जमिनीवर आजोबांनी नांगर धरला तेथे नातवाने फाटकावरील पहारेकरी व्हावे की आतील यंत्रांचा अभियंता, याचा निर्णय पुष्कळ अंशी या परीक्षेवर होतो. माटुंग्याची व्ही.जे.टी.आय. असो वा रसायन तंत्रज्ञान संस्था असो, गव्हाणच्या मुलास तेथे नेणारी मुख्य वाट हीच आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा संगणकावर घेतो. २०२५ सालच्या योजनेप्रमाणे पदार्थविज्ञानाचे ५० व रसायनशास्त्राचे ५० असे १०० प्रश्न एकाच पेपरात असतात. प्रत्येकास एक गुण आणि सर्वांस मिळून ९० मिनिटे. त्यानंतर तितक्याच वेळाचा दुसरा पेपर, तो गणिताचा किंवा जीवशास्त्राचा. अकरावीच्या अभ्यासक्रमास सुमारे २० टक्के व बारावीच्या अभ्यासक्रमास सुमारे ८० टक्के भार असतो. गणकयंत्र नेता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. योजनेत बदल होऊ शकतात. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

हे शेवटचे वाक्य आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. काही वर्षांमागे आमचा एक विद्यार्थी, खाडीत मासेमारी करणाऱ्या गृहस्थाचा मुलगा, पेपर देऊन आला आणि मोठ्या समाधानाने म्हणाला, “सर, ज्यांची खात्री नव्हती ते चौदा प्रश्न मी सोडून दिले.” चुकल्यास गुण जातात, असे त्यास कोणी सांगितले होते. आम्ही तो नियम वर्गात एकदा सांगितला होता, दुसऱ्यांदा सांगितला नव्हता. ती चूक आमची. त्याला हवी होती ती शाखा थोडक्या अंतराने हुकली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या दासाने धन्याच्या भयाने आपले द्रव्य जमिनीत पुरून ठेवले, ते आम्हांस त्या दिवशी फार आठवले.

याचा हिशेब करून पाहावा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी चारांत एकदा तो बरोबर येण्याचा संभव असतो. चौदा कोऱ्या प्रश्नांत सरासरीने साडेतीन गुण पडून राहिले होते. त्यांतील दोन दोन पर्याय विचाराने वगळता आले असते, तर सात. तेव्हा सी.ई.टी.त एकही प्रश्न कोरा ठेवू नये. ‘नीट’ परीक्षेची गोष्ट निराळी. तेथे बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. तेथे निव्वळ अंदाजाने सरासरी पाव गुणच हाती लागतो आणि दैव फिरले तर उलट हानी होते. पण दोन पर्याय निश्चित वगळता आले तर सरासरी दीड गुणाचा लाभ आहे. दोन्ही परीक्षांस बसणाऱ्याने हे दोन नियम एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

आता वेळेचा विचार. ९० मिनिटे म्हणजे ५४०० सेकंद. प्रत्येक प्रश्नास ५४ सेकंद आले. परंतु सर्व प्रश्नांस सारखा वेळ देणे हे सर्वांत वाईट वाटप होय. रसायनशास्त्रातील पुष्कळ प्रश्न आठवणीचे असतात. ते वाचताक्षणी येतात किंवा येत नाहीत, विचार करून त्यांत भर पडत नाही. म्हणून प्रथम रसायनशास्त्र घ्यावे व ते ३५ मिनिटांत उरकावे. पदार्थविज्ञानास ४५ मिनिटे द्यावीत. उरलेली १० मिनिटे मागे ठेवलेल्या प्रश्नांसाठी. पहिल्या फेरीत जो प्रश्न वाचून रीत सुचत नाही त्यावर खूण करून पुढे जावे. खाडीतील होडीवाला गाळात रुतलेल्या एका वल्ह्यासाठी ओहोटी लागेपर्यंत थांबत नाही, हे येथील मुलांस सांगावयास नको. मात्र पुढे जाण्यापूर्वी एखादा पर्याय निवडून ठेवावा; शेवटी परत येणे झाले नाही तरी ती जागा रिकामी राहत नाही.

पदार्थविज्ञानात आकडेमोड करण्यापूर्वी पर्याय वाचण्याची सवय लावावी. उदाहरण घेऊ. स्प्रिंगला एक वजन टांगले असता तिचा दोलनकाल काही एक आहे. स्प्रिंगचे दोन समान तुकडे केले आणि एका तुकड्यास तेच वजन टांगले, तर नवा दोलनकाल किती? पर्याय असे: मूळच्या दुप्पट, मूळच्या √२ पट, मूळच्या निम्मा, मूळचा भागिले √२. सूत्र आठवण्यापूर्वीच विचार करा. आखूड स्प्रिंग अधिक ताठ. ताठ स्प्रिंग जलद हेलकावते. म्हणजे काल कमी झाला पाहिजे. पहिले दोन पर्याय गेले. ताठपणा दुप्पट झाला आणि दोलनकालाच्या सूत्रात तो वर्गमुळाखाली येतो, एवढे आठवले की चौथा पर्याय उरतो. वीस सेकंदांचे काम.

मितींचा उपयोगही असाच. ताणलेल्या तारेवरील तरंगाच्या वेगाचे सूत्र विसरले तर घाबरू नये. ताणास एकक लांबीच्या वस्तुमानाने भागले असता वेगाच्या वर्गाची मिती येते. तेव्हा वेगाच्या सूत्रात त्याचेच वर्गमूळ आले पाहिजे; ज्याची मिती निराळी तो पर्याय वगळावा. आकड्यांच्या बाबतीत पर्याय एकमेकांपासून दूर असतील तर बेधडक स्थूल किंमती घ्याव्यात. दोन सेकंद दोलनकालाच्या लंबकाची लांबी काढताना ९.८ ला π च्या वर्गाने भागावयाचे असते; तो वर्ग जवळजवळ १० आहे, म्हणून उत्तर एक मीटरच्या किंचित आत. तेथे दशांशाची तीन स्थळे काढीत बसणारा विद्यार्थी काटेकोर खरा, पण त्याच्या पुढच्या दोन प्रश्नांची किंमत तो देत असतो. पर्याय जवळ जवळ असतील तेव्हा मात्र ही सूट घेऊ नये.

रसायनशास्त्रात घाईचा धोका निराळा आहे. तेथे शब्द वाचावयाचा राहून जातो. एका अभिक्रियेचा अर्धायुकाल २० मिनिटे आहे, ७५ टक्के पूर्ण होण्यास किती वेळ? अभिक्रिया फर्स्ट ऑर्डरची असेल तर दोन अर्धायुकाल, म्हणजे ४० मिनिटे. झीरो ऑर्डरची असेल तर प्रत्येक मिनिटास सारखाच पदार्थ संपतो, म्हणून ३० मिनिटे. पर्यायांत दोन्ही आकडे मांडून ठेवलेले असतात. तसेच हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०⁻⁸ मोलर द्रावण दिले की मुले पी.एच. ८ असे टिचकी मारून मोकळी होतात. आम्ल कितीही विरळ केले तरी त्याचे अल्क कसे होईल? पाण्याचे स्वतःचे आयन हिशेबात धरले की उत्तर ७ च्या किंचित खाली येते.

आमच्या भागातील मुलांनी मिठागर पाहिलेले असते, ही रसायनशास्त्रात मोठी पुंजी आहे. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार. ते कोंडीत आटत जाते तेव्हा आधी जिप्सम खाली बसते, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात राहतात. विद्राव्यतेचा गुणाकार जो धडा शिकवितो तो हाच. पावसाळ्यात जाडे मीठ ओलसर होते ते मुख्यतः त्यात राहिलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. ज्या मुलाने आजोबांबरोबर फळी ओढली त्यास हे पाठ करावे लागू नये. पण पुस्तकातील शब्द आणि डोळ्यांसमोरील वस्तू एकच आहेत, हे त्यास कोणीतरी सांगावे लागते.

जीवशास्त्राविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटे. पाठ्यपुस्तक ओळीने ओळ वाचलेल्यास वेळ पुरतो, न वाचलेल्यास कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही.

भाषेचा प्रश्न आमच्या मुलांस फार छळतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला विद्यार्थी अकरावीत एकदम इंग्रजी संज्ञांच्या गर्दीत सापडतो. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांच्या प्रश्नपत्रिका मराठीतही मिळतात. गणिताची मात्र इंग्रजीतच असते. अर्ज भरताना माध्यम विचारपूर्वक निवडावे. ज्या भाषेत दोन वर्षे सराव केला तीच त्या दिवशी घ्यावी. अकरावीच्या प्रारंभापासून एक वही करून डाव्या बाजूस संवेग, त्वरण, विद्राव्यता आणि उजव्या बाजूस मोमेंटम, ॲक्सिलरेशन, सोल्युबिलिटी असे लिहीत गेल्यास वर्षअखेरीस भीती उरत नाही. अकरावीची पुस्तके रद्दीत देऊ नयेत, हेही येथेच सांगून ठेवतो. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र मिळून सुमारे वीस प्रश्न त्यांतून येतात.

पालकांस एक विनंती. निकालपत्रावर येतो तो आकडा पर्सेंटाइलचा असतो, टक्क्यांचा नव्हे. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी सुमारे नव्वद परीक्षार्थी त्या मुलाच्या बरोबरीने अथवा खाली आहेत; त्यास २०० पैकी १८० गुण मिळाले असा त्याचा अर्थ नाही. हे न कळल्यामुळे चांगल्या निकालावरही घरात अश्रू आणि साधारण निकालावर पेढे, असे दोन्ही प्रकार आम्ही पाहिले आहेत. तसेच जानेवारीनंतर नवीन पुस्तके आणून देऊ नयेत. टेबलावरील पुस्तकांची उंची पाहून मुलाचा धीर खचतो.

शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ९० मिनिटांचा पेपर, घड्याळ लावून आणि मध्ये न उठता सोडवावा. घरी गोंगाट असेल त्यांनी शनिवारी प्रार्थनेनंतर प्रयोगशाळेत यावे. कोरे कागद आम्ही देऊ, घड्याळ स्वतःचे आणावे. पेपर संपल्यावर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच अक्षर लिहावयाचे: माहीत नव्हते त्यास ‘म’, घाईत वाचले त्यास ‘घ’, आकडेमोड चुकली त्यास ‘आ’. मागील वर्षी आम्ही हे करून पाहिले, तेव्हा पहिल्या महिन्यात ‘घ’ ची संख्या ‘म’ पेक्षा अधिक निघाली, आणि त्याचे सर्वांत अधिक आश्चर्य त्या मुलांनाच वाटले.