पगार महिन्याचा, संसार वर्षाचा

आम्ही सांगलीत राहतो. यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला आहेत, मी घरी शिवणकाम करते. सासूबाई, दोन मुलं आणि हप्त्यावर घेतलेलं घर. दोघांचं मिळून हातात येतं ते ३५-४० हजारांच्या आतलं. एवढ्यात पाच माणसांचं चालवून चार पैसे मागे टाकायचे म्हणजे ओढाताण होतेच. ज्या बायका ती रोज सोसतात त्यांना काटकसरीचा उपदेश करायची गरज नसते. चहात साखर कमी घालून कुणाचं घर वर आलेलं मी पाहिलेलं नाही. आम्हाला जे खरोखर उपयोगी पडलं तेवढंच लिहिते.

१. खर्च महिन्याचा मांडू नका, वर्षाचा मांडा.

दूध, भाजी, गॅस हे खर्च अंगवळणी पडलेले असतात. घडी विस्कटते ती जूनमध्ये, फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट एकदम अंगावर येतात तेव्हा. मग गौरी-गणपती, दिवाळी, गाडीचा विमा, एलआयसीचा हप्ता, लग्नसराईतले आहेर, मार्चमधली घरपट्टी, उन्हाळ्यातलं धान्य. यातला एकही खर्च अचानक येत नाही. गणपती कधी बसणार हे कालनिर्णयात आधीच छापलेलं असतं. तरी दरवेळी आपण म्हणतो, ‘या महिन्यात जरा जास्तच झालं.’ असा जास्तीचा महिना वर्षातून आठ-नऊदा येतो.

आम्ही एका वहीत बारा महिन्यांची बारा पानं केली आणि जो खर्च दरमहा येत नाही तो ज्याच्या त्याच्या महिन्यात लिहिला. बेरीज ८४ हजारांवर गेली. बाराने भागलं तर महिन्याला ७ हजार. आकडा बघून यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. पण पैसा जातो कुठे, हे त्या दिवशी कळलं. ते ७ हजार त्या महिन्याचे नव्हतेच, पुढच्या महिन्यांनी ते आधीच मागून ठेवले होते. आता पगार झाला की ते वेगळ्या बचत खात्यात जातात. त्या खात्याचं कार्ड कपाटात असतं आणि फोनवरून पैसे देण्याच्या ॲपला ते खातं जोडलेलं नाही. पाचशेची नोट मोडताना हात जरा थबकतो, फोनला ते थबकणं ठाऊक नाही, म्हणून ही काळजी.

२. बचतीचा हप्ता घराच्या हप्त्याइतकाच अटळ हवा.

महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही. आम्हाला पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे सगळे आरडी म्हणतात ती, मानवली. महिन्याला किमान १०० रुपयांपासून सुरू करता येते, पाच वर्षांची, साठ हप्त्यांची. महिना १,००० रुपये भरले तर ६.७ टक्के दराने ६० हजारांचे ७१ हजारांच्या थोडे वर होतात. खातं उघडताना जो दर असतो तो पुढं पाचही वर्षं तोच राहतो. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड बसतो आणि बारा हप्ते झाल्यावर अडीनडीला जमलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, खातं मोडावं लागत नाही. आमच्या गल्लीत पोस्टाच्या एजंट बाई घरी येऊन हप्ता नेतात. त्या दारात उभ्या राहिल्या की पैसे द्यावेच लागतात, आणि या योजनेतला निम्मा फायदा मला तोच वाटतो.

मुलगी असेल तर ती दहा वर्षांची व्हायच्या आत सुकन्या समृद्धीचं खातं उघडून ठेवा. वर्षाला २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं. जमेल तेव्हा जास्त भरता येतं.

३. भिशी जरूर लावा, पण तिला बचत समजू नका.

बाराजणींनी महिन्याला हजार-हजार काढायचे, चिठ्ठी निघेल तिने १२ हजार घ्यायचे. पहिली चिठ्ठी जिची निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळतं. शेवटी जिची निघते तिला वर्षभर वाट पाहून स्वतःचेच पैसे परत मिळतात, व्याजाविना. मिक्सर घ्यायचाय, शिलाई मशिनला मोटर बसवायचीय, अशा ठरलेल्या कामाला भिशी छान. एकमेकींच्या घरी जाणं होतं, अडचण कळते, तेही मोलाचं आहे. लिलावाच्या भिशीपासून मात्र लांब राहा. तिथे ज्याची गरज सर्वांत मोठी तोच सर्वांत जास्त पैसे सोडून देतो.

४. धान्य आणि चटणी उन्हाळ्यात.

सासूबाईंची ही शिस्त मी तशीच चालवते. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो तेव्हा वर्षाचा भरायचा. दोन-तीन कडक उन्हं द्यायची, चाळायचा, निवडायचा, एरंडेलाचा हात लावायचा आणि कोठीत भरताना थराथरात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालायचा. कोठीला ओला हात लावायचा नाही, यावर सासूबाईंचं आजही बारीक लक्ष असतं. चटणीचंही तसंच. इकडे चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, खोबरं, तीळ, धणे भाजून सगळं डंकावर न्यायचं. शेजारच्या दोघी-तिघी मिळून गेलो की मिरची घाऊक भावात मिळते. विकतच्या पुड्यांपेक्षा ही चटणी स्वस्त पडते आणि तिच्यात काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं.

पण यातली खरी अडचण कुणी सांगत नाही. वर्षाचं धान्य स्वस्त पडतं ते ज्याच्या हातात एप्रिलमध्ये एकरकमी पैसे असतात त्याला. ज्याच्या हातात नसतात तो दर आठवड्याला पाच-पाच किलो घेतो आणि वर्षाच्या शेवटी जास्त पैसे मोजतो. गरिबाला संसार महाग पडतो तो असा. म्हणून एप्रिलच्या पानावरचा हा आकडा आम्ही कधीच दुसरीकडे वळवत नाही.

५. विजेच्या बिलात शंभरावं युनिट बघा.

महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त असतात आणि त्याच्या वरच्या टप्प्यात दर जवळजवळ दुपटीला जातो. म्हणजे वाचवायची ती वरची युनिटं. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट खातो. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, त्याला ११ पुरतात. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदला.

६. अडचणीसाठीचा पैसा तीन ठिकाणी हवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. आधी वीज गेली, मग फोन मेले. बँका बंद, एटीएम बंद. ज्यांच्या बँकेत लाख रुपये होते तेही दुधाच्या पिशवीसाठी रोख शोधत होते. पाणी ओसरल्यावर घरात आलो तर फ्रिज आडवा पडलेला, गाद्या चिखलाने जड झालेल्या, शिलाई मशिनच्या चाकात गाळ. सरकारी मदत मिळाली, पण ती पंचनाम्यानंतर. तोवर गॅस, औषधं, मुलांचे कपडे हे सगळं साठवणीतून झालं.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे: तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला हवी. त्यातली थोडी घरात रोख, थोडी बचत खात्यात, उरलेली कधीही मोडता येईल अशा मुदत ठेवीत. ठेवींच्या पावत्या, घराची कागदपत्रं, पासबुकं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर. पुराच्या पट्ट्यात न राहणाऱ्यांनाही नोकरी जाणं आणि दवाखाना हे दोन पूर असतातच.

७. जास्तीच्या व्याजाला भुलू नका.

आपल्या भागात पतसंस्थांचं जाळं मोठं आहे. त्यातल्या कित्येकांनी अडल्यानडल्याला हात दिला, हे मी नाकारत नाही. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ते एकच लाख होतं. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. हा फरक ठेव ठेवताना काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त जोडप्याने दोन टक्के जास्त मिळतात म्हणून जन्माची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवली आणि नंतर ते वर्षानुवर्षं चकरा मारत राहिले. विचारा, लेखी बघा, आणि सगळे पैसे एका ठिकाणी कधीही ठेवू नका.

८. बाईची बचत तिच्या नावावर हवी.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि घराघरांतले डाळीचे डबे उघडले गेले. साडीच्या घडीत, देव्हाऱ्याखाली, तांदळाच्या कोठीत बायकांनी जपलेले पैसे नवऱ्यासमोर, सासऱ्यांसमोर ठेवावे लागले. काही घरांत त्यावरून बोलाचाली झाली. मला त्या बायकांचं कधीच चुकीचं वाटलं नाही. दिसलेला पैसा खर्च होतो हे त्यांना अनुभवाने माहीत होतं, आणि त्याच डब्यांतून मुलांच्या परीक्षेच्या फिया भरल्या गेल्या होत्या. पण लपवलेल्या पैशाला व्याज मिळत नाही आणि वारसही नसतो. माझ्या शिवणकामातला ठरावीक हिस्सा माझ्या नावच्या आरडीत जातो, घरातल्या सगळ्यांना तो माहीत आहे, आणि त्याला कुणी हात लावत नाही. हे एकदा समोरासमोर बसून ठरवावं लागतं. ते बोलणं अवघड जातं, पण ते टाळू नका. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावलाय ना, हेही त्याच बैठकीत बघा.

९. दागिना हौसेने करा. मोडायला गेलं की मजुरी गेलेली असते, घेताना भरलेला जीएसटीही परत मिळत नाही. साठवायचंच असेल तर वळं किंवा नाणं घ्या.

१०. घरच्या बाईच्या तब्येतीतून पैसे वाचवू नका.

हे मला सर्वांत जास्त तळमळीने सांगायचंय. पैसे कमी पडले की पहिली कात्री बाईच्या खर्चाला लागते, आणि ती लावणारी बहुतेकदा ती स्वतःच असते. दाढ दुखते तर लवंग धरायची, रक्त कमी आहे असं कळलं तरी पुढच्या महिन्यात बघू म्हणायचं, मुलांना दूध देऊन आपण कोरा चहा घ्यायचा. पाच-सात वर्षांनी याच साठलेल्या दुखण्याचं बिल येतं आणि जमवलेलं सगळं त्यात जातं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, रक्तही तिथे तपासतात, त्यासाठी एक सकाळ काढा. आमच्या वहीत जूनच्या पानावर मुलांच्या फीच्या वरची ओळ माझ्या डोळ्यांच्या तपासणीची आहे. ती यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहिली. मला सुईचं नेढं नीट दिसलं पाहिजे, कारण त्या सुईवर या घरात महिन्याला ७-८ हजार येतात.